तीनदा परत आलेलं काम

ताईला माणसं आवडत नसत. खरं तर तिचा माणसांशी संबंधच येत नसे, तिच्या टेबलावर यायचे ते नुसते जबडे. डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचं, लॅबने त्या मापात प्लास्टर ओतून पांढरा जबडा काढायचा, आणि ताईने त्या जबड्यावर कवळी, टोपी, तार, जे काय मागितलं असेल ते बसवून द्यायचं. बावीस वर्षं हेच चाललं होतं. पण तेवढ्या जबड्यावरून आपल्याला आख्खा माणूस कळतो असा तिचा दावा होता, आणि कळला की तो मनातून साफ उतरतो असाही. हा नखं खातो. ही एकाच बाजूने चावते, म्हणजे मुलखाची आळशी. ह्याने पाच वर्षं दाढ किडू दिली, तेव्हा झोपला होता काय मेला, आणि आता कवळी घाईची पाहिजे म्हणे. घाईची! ह्याच्या काकांची लॅब लागून गेली आहे!

लॅबमध्ये सगळेच तिला ताई म्हणत, मालकसुद्धा, जो तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा होता. वय त्रेचाळीस. राहायला दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. लग्न झालं नव्हतं, आणि झालं नव्हतं ह्याचा तिच्यापेक्षा तिच्या धाकट्या बहिणीला जास्त घोर होता. धाकटी दर रविवारी सकाळी फोन करायची आणि कुणीतरी नवा शोधून काढलेला असायचा. कुणी विधुर, कुणी घटस्फोटित, कुणी नुसताच राहून गेलेला.

"ताई, ह्या वेळी नाही म्हणू नकोस. चांगला आहे ग. शांत आहे."

"फोटो पाठव. हसतानाचा."

फोटो यायचा. ताई तो बोटांनी मोठा मोठा करत थेट तोंडात शिरायची.

"वरचे पुढचे चार नकली आहेत. आणि रंग चुकलाय. ज्याला आरशात स्वतःच्या दातांचा रंग कळत नाही, त्याला काय कळणार?"

"अगं, तू माणूस बघ ना! दात काय बघत बसतेस?"

"माणूस कुठे आहे ह्यात? मला तर चार टोप्या दिसतायत फक्त."

धाकटी हात टेकायची आणि मग तासभर स्वतःच्या नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायची. ताई ऐकताना भांडी घासून घ्यायची. फोन ठेवल्यावर त्या दोन खोल्यांत जी शांतता व्हायची ती तिला बिलकुल आवडत नसे, पण हे कबूल करण्यापेक्षा तिने स्वतःचे दात उपटून घेतले असते. आपल्याला एकटं राहायला आवडतं असं ती जगाला सांगत होती. जगाने विचारलं नव्हतं हा भाग वेगळा.

तर अशा ह्या बाईच्या टेबलावर एक दिवस एक नाइट गार्ड परत आला.

काही माणसं झोपेत दात खातात. दिवसा कुणाला ब्र काढायची हिंमत नसते, मग रात्री स्वतःच्याच दातांवर मर्दुमकी गाजवतात. अशांना झोपताना दातांवर घालायला एक पारदर्शक खोळ करून देतात, तो नाइट गार्ड. ताईच्या हातचं ते अगदी फुटकळ काम. तिने केलं, पाठवलं, विसरून गेली. पंधरा दिवसांनी डबी परत. आत गार्ड, डॉक्टरीणबाईंनी घेतलेलं नवीन माप, आणि एक चिठ्ठी. डॉक्टरांची नव्हे, पेशंटची! वहीच्या कागदावर, पट्टी ठेवून फाडलेल्या.

"नमस्कार. गार्ड सुंदर झाला आहे. फक्त डावीकडे वर, मागच्या बाजूला थोडा टोचतो आणि पूर्ण बसत नाही. कदाचित माझ्या दातातच काही दोष असेल. आपल्याला पुन्हा त्रास देतो आहे, क्षमस्व."

"क्षमस्व!" ताई मोठ्याने म्हणाली. "ह्याला टोचतंय आणि हाच क्षमस्व! अरे, कणा आहे की नाही?"

तिने जबडा ओतला, गार्ड नव्याने केला आणि पाठवून दिला. तीन आठवड्यांनी डबी पुन्हा हजर.

"नमस्कार. आपण इतक्या तत्परतेने पुन्हा काम केलंत, आभारी आहे. टोचणं तसंच आहे. मीच नीट घालत नसेन. कसा घालायचा हे सांगाल का? मी दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी घेतो, वॉशिंग मशीनच्या. त्यात निम्म्या वेळा मशीन चांगलं असतं, लोकांनी नळच सोडलेला नसतो. तसंच माझं असेल."

आता लॅबने पेशंटशी बोलायचं नसतं, काय ते डॉक्टरांमार्फत. पण ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बावीस वर्षांत तिचं एकही काम दुसऱ्यांदा परत आलेलं नव्हतं, आणि हा शामळू, गोड गोड बोलत, तिच्या हातावर डाग लावत होता. तिने कामाच्या पावतीमागे लिहिलं, "घालण्याआधी धुऊन घ्या. आरशासमोर उभं राहून घाला. दात ओळीत नसतील तर लॅब जबाबदार नाही." आणि तिसऱ्या गार्डसोबत डबीत सारलं.

उत्तर आलं. आठवड्याभरातच आलं, कारण ह्या वेळी नुसती चिठ्ठीच होती.

"धुतला. आरशासमोर उभा राहिलो. दात ओळीत आहेत असं वाटतं, पण इतक्या जवळून स्वतःकडे बघायची सवय नाही, त्यामुळे खात्री देता येत नाही. टोचतोच. तुम्ही दिवसभर मान खाली घालून बारीक काम करता, तुमचंही काही दुखत असेल."

ताईने ती चिठ्ठी वाचली, चुरगळली, कचऱ्यात टाकली. जेवून आल्यावर कचऱ्यातून काढली आणि सपाट केली.

कुणी विचारलं होतं? कुणी विचारलं होतं तिला इतक्या वर्षांत, तुझं काय दुखतं म्हणून? कुणीच नाही. आणि हा कोण टिकोजी लागून गेला? तिने उत्तर लिहिलं, "माझं काही दुखत नाही." पाठवलंही. मग दिवसभर मानेवर हात ठेवून बसली, कारण मान दुखत होती, चांगली सहा वर्षं दुखत होती.

"छान," असं उत्तर आलं. "मग जगात एक तरी माणूस आहे. माझा कान दुखतो, मान दुखते आणि रविवारी काहीच काम नसल्यामुळे सगळंच जास्त दुखतं. तुम्ही रविवारी काय करता?"

"भांडी घासते," ताईने लिहिलं.

असं चाललं होतं. दोन घोडे, एक त्रेचाळीस वर्षांचा आणि एक पन्नाशीला टेकलेला, दातांच्या डबीतून शाळकरी पोरांसारख्या चिठ्ठ्या धाडत होते आणि दोघांनाही वाटत होतं की आपण गार्डविषयी बोलतोय. डॉक्टरीणबाईंना काही वाटत नव्हतं. त्यांना पेशंट म्हणजे दर वीस मिनिटांनी बदलणारं तोंड. डबी आली, डबी गेली. ताई मात्र डबी यायच्या दिवशी सकाळपासून चिडचिडी असायची आणि डबी आली नाही तर आणखी चिडचिडी. लॅबमधली पोरं म्हणायची, ताईंच्या तक्रारवाल्याचं आलं का काही? ती म्हणायची, खड्ड्यात गेला तो तक्रारवाला. आणि दार वाजलं की सगळ्यात आधी हिचीच मान वर.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर बरं झालं असतं. पण नेमके त्याच वेळी मुख्य कारागीर निवृत्त व्हायला निघाले. त्यांच्या जागी कोण, हे मालकाने महिनाअखेरीस सांगायचं होतं. ती जागा ताईचीच होती. कामाने, वर्षांनी, हाताने, सगळ्याच बाजूंनी. तिने ती मनात कधीच घेऊन टाकली होती, खिडकीजवळचं ते मोठं टेबल, उत्तरेचा उजेड. तिच्या आयुष्यात दुसरं काही यायचं नव्हतं, हे तरी यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मालकाने तिला केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, तो नाइट गार्ड तिसऱ्यांदा परत आलाय."

"पेशंटच्या तोंडात खोट आहे."

"मलाही तसंच वाटतं. पण डॉक्टरीणबाई कुरकुर करतायत. मी म्हटलं, त्या गृहस्थाला इथेच पाठवा, आमची ताई समोर बसवून बघेल. खोट त्याच्याकडे निघाली की विषय संपला आणि पहिल्या तारखेपासून मोठं टेबल तुमचं. आपल्याकडे निघाली, तर मग मला जरा विचार करावा लागेल."

"आपल्याकडे निघणार नाही," ताई म्हणाली, आणि तिला तशी बालंबाल खात्री होती.

गुरुवारी दुपारी तो आला. लॅबमध्ये पेशंटची खुर्ची नसते, म्हणून त्याला प्लास्टरच्या मशीनशेजारी स्टुलावर बसवलं. ताईने त्याला बघितलं आणि तिची निराशाच झाली. असा? गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, काखेत फाइल, डोक्यावर उरलेले केस इकडून तिकडे नेलेले. बसण्याआधी त्याने स्टूल पुसलं आणि पुसल्याबद्दल "सॉरी" म्हणाला. कुणाला म्हणाला? स्टुलाला म्हणाला असेल.

"तुम्हीच का त्या?" त्याने विचारलं. "मला वाटलं होतं, तुम्ही वयाने मोठ्या असाल. म्हणजे वाईट अर्थाने नाही. म्हणजे चिठ्ठ्यांवरून."

"तोंड उघडा," ताई म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. तिने दिवा ओढला, आरसा घेतला आणि वाकली. आणि क्षणभर दचकलीच. बावीस वर्षांत तिने हजारो जबडे हाताळले, पण ते सगळे कोरडे, पांढरे, गप्प. हा गरम होता. श्वास घेत होता. जबड्याला जीभ असते हे ती विसरलीच होती, आणि ही जीभ बिचारी घाबरून एका कोपऱ्यात सरकून बसली होती. दात कडेकडेने झिजलेले. सगळीकडे नाही, मागे मागे, जिथे कुणाला दिसत नाही तिथे. केवढं काय काय ह्याने दाताखाली दाबलं असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि असलं काही मनात आल्याबद्दल तिने स्वतःला झापलं.

मग तिने आरसा डावीकडे वर नेला.

मागून तिसऱ्या दाताच्या गालाकडच्या बाजूला मोहरीएवढी गाठ होती. गोल, गुळगुळीत, दाताचीच. जन्मापासूनची. अशी क्वचित असते कुणाकुणाला.

ताई तशीच वाकून राहिली.

आता ह्या लॅबच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. डॉक्टर माप घेतात तेव्हा कधीकधी त्यात हवेचा बुडबुडा अडकतो. मग प्लास्टर ओतलं की पांढऱ्या दातावर तेवढी गोल गाठ उठते, मोहरीएवढी. ती खरी नसते, हवेची असते. म्हणून ती काढून टाकायची. शिकाऊ पोरं भिंगातून बघतात, विचारतात, घाबरत घाबरत खरवडतात. ताईला बघावंही लागत नसे. जबडा हातात घेतला की अंगठा दातांवरून फिरायचा, गाठ लागली की सुरीचं टोक, एक झटका, गेली. ह्या झटक्याचा तिला अभिमान होता. पोरं तो बघायला जमायची.

तिने आरसा खाली ठेवला. "थांबा," म्हणाली आणि मागच्या फळीवरून तिन्ही जुने जबडे काढून आणले. डावीकडे वर, मागून तिसरा. पहिल्यावर सुरीचा चपटा, चकचकीत डाग. दुसऱ्यावर तोच. तिसऱ्यावर तोच.

तीन वेगळी मापं, तीन वेगळे दिवस, आणि बुडबुडा तिन्ही वेळा एकाच दाताच्या एकाच जागी? बुडबुड्याला काय पत्ता दिलेला असतो? कालच्या शिकाऊ पोराच्याही हे ध्यानात आलं असतं. त्याने विचारलं असतं. विचारत नव्हती ती एकटी ताई, कारण तिला सगळं येत होतं. तिने तीनदा त्या माणसाचा खरा दात तासून टाकला होता, गुळगुळीत केला होता, गार्डमध्ये त्या गाठीला जागाच ठेवली नव्हती, आणि मग त्यालाच लिहिलं होतं की धुऊन घाला.

तिने तिन्ही जबडे पालथे करून ठेवले.

"काय मग ताई?" मालक केबिनच्या दारात उभा होता. "काय निघालं?"

हे जबडे काय आहेत हे त्या खोलीत फक्त तिला कळत होतं. पोरं आपापल्या कामात होती. मालकाने सुरी खाली ठेवून वीस वर्षं झाली होती. तिने नुसतं म्हणायचं होतं, पेशंटच्या दातावर जन्मजात गाठ आहे, डॉक्टरांनी कळवायला हवं होतं. आणि ते खोटंही नव्हतं! डॉक्टरीणबाईंना खरंच कळवता आलं असतं. चौथा गार्ड नीट बसला असता, मोठं टेबल मिळालं असतं, आणि कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता.

"पेशंटच्या..." ताईने सुरुवात केली.

"माझ्यातच काहीतरी असणार," स्टुलावरून आवाज आला. तो फाइल उघडून पेन काढत होता. "साहेब, मला ठाऊक आहे ना, तक्रार अडकून पडली की खालच्या माणसाला किती ताप होतो ते. आमच्याकडे पद्धत आहे. ग्राहकाने लिहून दिलं की तक्रार बंद. मी लिहून देतो. 'वस्तूत दोष नाही, माझं समाधान झालं आहे.' खाली सही. बाईंच्या नावावर काही राहायला नको. त्यांनी फार कष्ट घेतलेत."

आणि खरोखर लिहायला लागला! मांडीवर फाइल ठेवून, सुवाच्य अक्षरात, मान एका बाजूला कलती करून, म्हणजे ज्या बाजूला दुखत नाही त्या बाजूला.

ते बघून ताईच्या डोक्यात तिडीकच गेली. असा कसा माणूस असतो? ह्याला पाच महिने झोप नाही आणि हा समाधान झालं म्हणून लिहून देतोय! ह्याच्या अंगावरून उद्या गाडी गेली तर हा चाकाची माफी मागेल! तिला त्याची किळस आली, स्वतःची त्याहून आली, आणि त्या दोन्हींच्या भरात ती ओरडली.

"खबरदार सही केलीत तर!"

सगळी पोरं वळली. त्याच्या हातातलं पेन थांबलं.

"तुमच्यात काही नाही! तुमचा दात ठणठणीत आहे! त्याच्यावर गाठ आहे, ती मी बुडबुडा समजून कापली! तीनदा कापली! हे बघा, हे, हे आणि हे!" तिने तिन्ही जबडे त्याच्या फाइलवर आपटले. "बघितलंसुद्धा नाही मी! तुम्ही पहिल्या चिठ्ठीपासून खरं सांगत होतात. डावीकडे वर, मागे. जागा सांगितलीत, बरोबर सांगितलीत. आणि मी तुम्हाला शहाणपणा शिकवत होते. कळलं? चूक माझी आहे. शंभर टक्के माझी."

मालकाने एक जबडा उचलला, उजेडात धरला, खाली ठेवला.

"बावीस वर्षांनी हे, ताई?" एवढंच म्हणाला. "मोठ्या टेबलाचं मग राहू द्या सध्या." आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.

गेलं. ताईला कळलं की गेलं. ती उत्तरेकडच्या खिडकीकडे बघत उभी राहिली आणि तिला वाटलं, आता हा माणूस म्हणेल, काही हरकत नाही. हो, हेच म्हणेल. म्हणेल, होतं असं कधीकधी, क्षमस्व. आणि तसं म्हणाला तर आपण त्याला प्लास्टरच्या बादलीत बुडवू.

"पाच महिने," तो म्हणाला.

आवाज बारीक होता. मग त्याने पुन्हा म्हटलं, आणि तो बारीक राहिला नाही.

"पाच महिने मी एका कुशीवर झोपतोय! एका! डॉक्टरीणबाईंची माफी मागितली, तुमची माफी मागितली, आणि तुम्ही मला लिहिता, धुऊन घ्या! मी धुतला! रोज दोनदा धुतला, मूर्खासारखा! आरशासमोर तोंड वासून उभा राहायचो अर्धा अर्धा तास, माझ्या तोंडात काय वाईट आहे म्हणून शोधत!"

"मोठ्याने बोला," ताई म्हणाली. "मशीन चालू आहे. ऐकू येत नाही."

"मोठ्यानेच बोलतोय!" त्याने फाइल फेकली. मानेपर्यंत लाल झाला होता, इकडून तिकडे नेलेले केस उभे राहिले होते. "बायको निघून गेली तेव्हा म्हणाली, तुझ्या दातांच्या आवाजाने मला झोप येत नाही. तर मी तिला सॉरी म्हटलं, आणि तिची बॅग खाली नेऊन दिली! टॅक्सीपर्यंत! ऑफिसात लोक मला दिवसभर शिव्या घालतात, नळ त्यांनी सोडलेला नसतो, आणि सॉरी मी म्हणतो! आणि तुम्ही! तुमचं काही दुखत नाही म्हणे! एवढा माज! एक ओळ लिहायची तर तीही हुकूम सोडल्यासारखी! मी ती ओळ चार चार दिवस वाचायचो, माहीत आहे? वाटायचं, ह्या बाईला सगळं कळतं, तेव्हा दोष आपलाच! खरवडून टाकलंत मला तुम्ही! न बघता!"

तो दमला. धापा टाकत उभा राहिला. पोरं हातातलं काम हातातच धरून बसली होती, एकाने तर मशीनच बंद केलं, नीट ऐकता यावं म्हणून.

ताईला लाज वाटत होती. भयंकर वाटत होती. आणि लाजेच्या जोडीला दुसरं काहीतरी होतं, जे तिला चक्क आवडत होतं. हा माणूस तिच्याशी भांडत होता. तोंड भरून, हातवारे करून, तिच्या डोळ्यांत बघून. इतकं मनापासून तिच्याशी कुणी कधी बोललंच नव्हतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "सगळं खरं आहे. माझी मान दुखते. सहा वर्षं झाली. तेही खोटंच लिहिलं होतं."

तो मटकन स्टुलावर बसला. ह्या वेळी पुसायचं राहिलं.

"एक सांगा," तो म्हणाला. "मी सही करतच होतो. तुमचं टेबल का काय ते, तेही मिळालं असतं. कुणालाच कळलं नसतं. मग सांगितलंत कशाला?"

"तुमचा तो गरीब गाईसारखा चेहरा बघवेना म्हणून."

"नीट सांगा."

ही आज्ञा होती. बोलणाऱ्याला स्वतःलाच तिचा धक्का बसल्यासारखा दिसला, पण त्याने ती परत घेतली नाही. वाट बघत राहिला.

ताईने ॲप्रनला हात पुसले. पुसलेले पुन्हा पुसले. मग पोरांकडे असं बघितलं की सगळ्या माना धडाधड खाली गेल्या.

"सही केली असतीत," ती म्हणाली, "तर काम संपलं असतं. चौथा गार्ड बसला असता. आभार मानून गेला असतात तुम्ही."

"मग? तेच तर हवं होतं ना तुम्हाला?"

"हो. मग डबी आली नसती परत."

ती हे एका परक्या माणसासमोर, चार पोरांच्या देखत, भरदुपारी बोलून बसली होती आणि आता शब्द परत गिळायची सोय नव्हती. तो खाली वाकला, फेकलेली फाइल उचलली, विखुरलेले कागद गोळा केले. मघाचा अर्धवट लिहिलेला कागद त्याने वाचला आणि फाडला. दोन तुकडे, चार तुकडे. मग उभा राहिला आणि शर्टाचं गळ्याचं बटण काढलं, श्वास कोंडल्यासारखं.

"मला अजून फार राग आलेला आहे," तो म्हणाला.

"येऊ दे."

"आज संपेल असं वाटत नाही. माझी सुट्टी फक्त दोनपर्यंत आहे."

"मग उद्या या," ताई म्हणाली, नेहमीच्याच तोऱ्यात. आणि म्हणताक्षणी, मोठं टेबल गेलं तेव्हा वाटली नव्हती ती भीती तिला आत्ता वाटली. हा माणूस दाराबाहेर पडेल, जिन्यावर त्याला आपला अपमान पुन्हा आठवेल आणि तो येणार नाही. का यावं त्याने? तिने त्याच्यासाठी काय केलं होतं? तीनदा दात कापला होता.

"याल ना?" तिने विचारलं. आवाज कसा निघाला कोण जाणे, पण त्यात तोरा नव्हता.

तो दारापर्यंत गेला, थांबला, आणि चेहरा तसाच रागीट ठेवून वळला.

"किती वाजता?" त्याने विचारलं.